चार टक्के चुगली

आमच्या लॅबमध्ये नवीन माणसाची एका शब्दावरून हमखास फजिती होते. पहिल्याच आठवड्यात त्याला कुणीतरी गंभीर चेहऱ्याने विचारतं, "या काचेची चुगली किती?" आणि तो बिचारा आपण कुणाबद्दल काय बोललो ते आठवायला लागतो.

मी सुचेता कानिटकर. नाशिकच्या अंबड वसाहतीत स्मार्ट चष्म्यांच्या काचा बनवणाऱ्या एका कंपनीत गेली नऊ वर्षं मी चुगली मोजते. पगार त्याचाच मिळतो. स्वभावात ती आधीपासूनच होती, असं माझा नवरा म्हणतो.

चुगली म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. या चष्म्याच्या काडीत मुगाच्या दाण्याएवढा प्रोजेक्टर असतो. त्याचा प्रकाश काचेत शिरतो आणि आत अडकतो. काचेच्या भिंतींवर तो इतका तिरका आदळतो की दर वेळी आतच परततो. असा आपटत आपटत तो डोळ्यासमोर येतो. तिथे काचेवर केसाच्या शंभराव्या भागाहून बारीक रेषा कोरलेल्या असतात. त्या प्रकाशाला वळवून बाहेर काढतात आणि आपल्याला अक्षरं, बाण, नकाशे समोर हवेत दिसतात.

गोम अशी की डोळा कुठल्या बाजूला आहे हे त्या रेषांना कळत नाही. त्या थोडा प्रकाश डोळ्याकडे देतात आणि थोडा उलट बाजूला, जगाकडे. हा जगाकडे गेलेला प्रकाश म्हणजे चुगली. मुळात प्रोजेक्टरमधून शंभर भाग निघाले तर वाटेत सांडत सांडत डोळ्यापर्यंत जेमतेम दोन पोचतात. म्हणून भर उन्हात अक्षरं दिसत नाहीत आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. वर आणखी समोरच्या माणसाला तुमच्या काचेत हिरवी चकाकी दिसते, आणि तुम्ही त्याच्याकडे बघताय की दुसरंच काही वाचताय ते त्याला कळतं. अगदी जुन्या चष्म्यांची चुगली ऐंशी टक्के होती. डोळ्याकडे शंभर गेले तर बाहेर ऐंशी. आता बाजारात आहेत त्यांची चार टक्के.

ही चुगली मोजायला आम्ही काचेवर एक खूण टाकतो. बाहेरून बघणाऱ्याला चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखीच दिसेल अशी खूण हवी. आमच्या लॅबने ठेवली आहे ती छत्तीस. ३ आरशात धरला की जवळपास ६ होतो आणि ६ चा ३. त्यामुळे ३६ आरशातही ३६ च राहतात, एकमेकांकडे पाठ करून. नऊ वर्षं रोज आठ तास मी हा आकडा बघते आहे. तो मला झोपेतही ओळखता येईल.

म्हणूनच त्या गुरुवारी संध्याकाळी चहा पिताना नवऱ्याच्या काचेत तो दिसला, तेव्हा मी कप तसाच खाली ठेवला.

श्रीरंग जमीन मोजणीचं काम करतो. शेतं, खाणी, वादातले बांध. चष्म्यात त्याला हद्दीच्या रेषा दिसतात. आमच्याच कंपनीचा चष्मा, मीच सवलतीत आणून दिलेला. गेले आठ महिने तो घरीही काढत नव्हता. मला आधी त्याचं कौतुक वाटलं, मग सवय झाली आणि मग चीड यायला लागली. कारण मी बोलायला लागले की काचेत हिरवं काहीतरी थरथरायचं. मी थांबले की विझायचं.

हे एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही लक्षात येईना. मी म्हणाले, "दूध संपलंय." हिरवं चमकलं. मी म्हणाले, "आईचा फोन आला होता." पुन्हा चमकलं. बाकीची ओळ बारीक आणि उलटी, साध्या डोळ्यांना लागत नव्हती. पण ओळीच्या टोकाशी ठळक आकडा होता, त्यात शंका नव्हती. ३६. म्हणजे मी तोंड उघडलं की या माणसाला कुणीतरी छत्तीस नावाचं माणूस निरोप पाठवतं, आणि तो माझ्याकडे बघत, मान डोलावत ते वाचतो!

त्यात भर म्हणजे तो अलीकडे फार गोड वागत होता. आमची पत्रिका जुळवून झालेलं लग्न, पण चोवीस वर्षांत भांडणाशिवाय आठवडा गेला नव्हता. गेले आठ महिने मात्र एकही भांडण नाही. मी काही लागट बोलले तरी तो हसायचा. "हो, घेतो," म्हणायचा. नवरा अचानक समजूतदार झाला तर शहाण्या बाईने सावध व्हावं.

पाथर्डी फाट्याजवळ आमची रो-हाउसची वसाहत आहे. आमचं घर एकोणतीस नंबरचं. समोरच्या ओळीत, जरा तिरकं, छत्तीस नंबर. तिथे देवयानी सामंत राहतात. रेडिओवर निवेदिका होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. एकट्या असतात. आवाज असा की भाजीवाल्याला "कोथिंबीर द्या" म्हणाल्या तरी त्याने दोन काड्या जास्त घालाव्यात. श्रीरंग त्यांच्या अंगणातला कढीपत्ता आणायला जायचा. मला वाटायचं, कढीपत्त्यासाठी जातो.

माझा आवाज फाटका आहे. कॉलेजात मला समूहगीतात नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. त्या आठवड्यात मी छत्तीस नंबरच्या गॅलरीकडे इतक्या वेळा बघितलं असेल की देवयानीबाईंनी एकदा हात केला. मी पडदा ओढून घेतला.

लॅबमध्ये नेमकी त्याच आठवड्यात नवी काच आली. तिच्यावरच्या रेषा एका बाजूला कलत्या कोरलेल्या होत्या आणि त्यांच्या खाली एक पातळ थर होता, बाहेर निघालेला प्रकाश पुन्हा डोळ्याकडे वळवणारा. दोनाऐवजी नऊ भाग डोळ्यापर्यंत पोचत होते. भर उन्हात अक्षरं लख्ख. मी बाहेरच्या बाजूने मोजलं. चुगली दोन दशांश टक्के. अंधाऱ्या खोलीतसुद्धा समोरच्याला काही दिसू नये इतकी कमी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मॅडम, अहवाल कधी देताय?" आमचे प्रमुख हिंगमिरे सर विचारत होते. "तुमच्या सहीसाठी पुढचं सगळं थांबलंय."

"पुन्हा मोजायचंय."

"तीनदा मोजलंत. तिन्ही वेळा दोन दशांशच आलंय."

"म्हणूनच संशय येतोय," मी म्हणाले.

मी खोटं बोलत होते. उद्या ही काच घरोघरी गेली की कुठल्याही बाईला नवऱ्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते कळणार नाही, हे मला दिसत होतं. माझ्या नवऱ्याच्या तर नाहीच. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला चुगलीचा पुळका आला. अहवाल मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गेटपास करून लॅबचा एक छोटा कॅमेरा घरी आणला.

काचेतलं चित्र दूरवर असल्यासारखं दिसतं. त्यामुळे कॅमेऱ्याचा फोकस लांबच्या डोंगरावर लावतात तसा लावायचा असतो. मी तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या दोन बरण्यांच्या मध्ये, माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे ठेवला. श्रीरंग माझ्याकडे बघेल तेव्हा त्याची काच कॅमेऱ्यासमोर यावी म्हणून. मग चहा केला आणि त्याच्याशी वीस मिनिटं बोलत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लॅबच्या कोपऱ्यात बसून ते चित्रण उलटवलं. अक्षरं सुलटी झाली.

३६ : चहा थंड होतोय. घे ना.

३६ : आज थकलेला दिसतोस.

३६ : उद्या लवकर ये. मी वाट बघते.

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मी केलेला चहा हातात, आणि ही बया त्याला घे ना म्हणते! वाट बघते म्हणे! मी त्या ओळी अकरा वेळा बघितल्या. प्रत्येक वेळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू यायचं, आणि तेच मला जास्त झोंबत होतं. असं हसू माझ्या वाट्याला कधी आलं होतं ते आठवेना.

आम्ही प्रकाशवाली माणसं. चित्रण बघतो, मोजतो, आवाज कधी लावतच नाही. त्या कॅमेऱ्याला माइक आहे हे नऊ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाराव्या वेळी चुकून बोट लागलं आणि माझाच फाटका आवाज लॅबभर घुमला.

"चहा काय प्रदर्शनात मांडायला केलाय? घे की एकदाचा!"

अर्ध्या सेकंदाने काचेत: चहा थंड होतोय. घे ना.

"चेहरा बघ, जसा काही अख्खा सह्याद्री मोजून आलाय."

आज थकलेला दिसतोस.

"उद्याही आठ वाजव. मी आहेच इथे, ताटावर ताट झाकून बसलेली."

उद्या लवकर ये. मी वाट बघते.

मी कॅमेरा बंद केला. डबा तसाच राहिला.

चष्म्याचा माइक समोरच्या माणसाचंच बोलणं टिपतो. म्हणून घरी गेल्यावर मी श्रीरंगकडे पाठ केली आणि साध्या आवाजात म्हणाले, "घराला आग लागलीय." तो पायातले बूट काढत राहिला. मी वळले, त्याच्या समोर बसले आणि विचारलं, "कधीपासून?"

काच चमकली. त्याने ती वाचली. काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

"दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, कानाची नसच सुकतेय. यंत्र लावून बघितलं. त्याने आवाज वाढतो गं, शब्द नाही वाढत. पाणी म्हणालीस की राणी, कळत नाही."

"राणी मी कधी म्हणणार आहे तुला?"

तो हसला. अर्ध्या सेकंदाने.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लॅबभर केलं असतंस. कानिटकरांच्या घरात कानच नाहीत म्हणून."

केलं असतं. तोंडावर आलेलंही होतं. मी गिळलं.

"आणि हे घे ना, वाट बघते? हे मी बोलले नाहीये."

त्याने चष्मा काढून हातात घेतला. मग मी काय बोलतेय ते कळणार नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा घातला. "हा बोलणं लिहून दाखवतो ना, पहिले पंधरा दिवस त्यात तुझे पूर्ण शब्द येत होते. जसेच्या तसे. सुचे, तू बोलतेस तेव्हा त्यात हसू असतं, हे मला चोवीस वर्षं माहितीय. पण काचेत हसू येत नाही. नुसती अक्षरं येतात. 'तुला काही कळतं का?' एवढंच, हिरव्या अक्षरात, तोंडासमोर. मी ते वाचायचो आणि दिवसभर ते डोक्यातून जायचं नाही. मग त्यात एक सोय सापडली. मवाळ. शब्दांतली धार काढून अर्थ तेवढा दाखवते."

आयुष्यभर मी प्रकाश कुठे सांडतो ते शोधत आले. माझे शब्द त्याच्यापर्यंत शंभर टक्के पोचत होते आणि आवाज सगळा वाटेतच सांडत होता, आणि याची मला दीड वर्षात गंधवार्ता नव्हती.

"आणि छत्तीस?"

"बोलणाऱ्याला नाव द्यावं लागतं. तुझं दिलं." तो लाजला. "गुरुजी म्हणाले होते ना, छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळले. तुझ्या बाबांनी त्या आनंदात पेढे वाटले होते. आणि त्यानंतर आपला जो छत्तीसचा आकडा सुरू झाला..."

"मला वाटलं, समोरची देवयानी."

त्याला हसू आवरेना. हसू ओसरल्यावर म्हणाला, "त्या बाईंचा आवाज म्हणे फार गोड आहे. मला माहीतच नाही गं."

देवयानी सामंत माझ्या डोक्यातून त्या क्षणी गेल्या. पण मत्सर गेला नाही. तो जागा बदलून बसला, एवढंच. समोरच्या ओळीतून उठून थेट माझ्या टेबलावर आला.

कारण आता मला सवत दिसत होती. रोज चहाला. ती माझ्याच तोंडून निघायची आणि माझ्यापेक्षा चांगली होऊन त्याच्यापर्यंत पोचायची. तो आठ महिने भांडला नव्हता तो तिच्याशी. हसत होता तेही तिच्याकडे बघून. मी तिच्यासारखं बोलून बघितलं. "श्रीरंग, चहा घे ना," म्हणाले तर माझं मलाच नाटकी वाटलं, आणि त्याने घाबरून विचारलं, "काय झालं?" एक दिवस मवाळ बंद करायला लावलं. संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा इतका उतरला की मीच म्हणाले, "लाव ते परत." म्हणजे सवतीला मी माझ्या हाताने घरात घेतलं.

एक समाधान होतं. चार टक्के चुगली. ती काय बोलते ते मला दिसायचं. आता सराव झाला होता. मान जरा कलती केली की उलट्या ओळी वाचता यायच्या. माझं बोलणं आणि तिचं बोलणं मी मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवायचे. कधीकधी तिचं चुकायचं, तेव्हा मला आनंद व्हायचा.

अहवाल ड्रॉवरमध्येच होता.

मग एका रविवारी श्रीरंग सहज बोलून गेला. "उन्हात तर काहीच दिसत नाही काचेत. गेल्या महिन्यात खाणीच्या काठाशी मोजत मोजत मागे सरकत होतो. बरोबरचा माणूस ओरडत होता म्हणे. शेवटी त्याने धावत येऊन कॉलर धरली."

"किती अंतर होतं?"

"दोन पावलं." तो मोजणीवाला. तो अंदाजे बोलत नाही.

सोमवारी सकाळी मी अहवालावर सही केली. चुगली दोन दशांश, काच उत्तीर्ण. हिंगमिरे सरांनी पेढे मागवले. मी पहिल्या खेपेतली एक जोडी मागून घेतली आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने श्रीरंगच्या चष्म्यात बसवली. तो दुसऱ्या दिवशी खाणीवरून फोन करून ओरडला, "सुचे, भर दुपारी दिसतंय सगळं! मुंगी बोलली तरी वाचेन!"

माझ्यासमोरची काच मात्र आता कोरी झाली. आरपार, स्वच्छ, मागे त्याचे डोळे. मी बोलायचे, तो हसायचा, आणि मधे ती त्याला काय म्हणाली ते मला कळायचं नाही. आपल्याच घरात आपल्यामागे कुणीतरी कुजबुजतंय असं वाटायचं.

महिन्याभराने त्याला एकदा परतायला साडेसात झाले. पाचला येतो म्हणाला होता. फोन लागत नव्हता. मी अंगणातल्या पायरीवर बसून होते आणि डोळ्यांसमोर ती दोन पावलं येत होती. तो फाटक उघडून आत आला तसा माझा बांध फुटला.

"आलात? या! खाणीतच घर बांधा ना आता! इथे काय, बाई आहे फुकटची, बसेल पायरीवर वाट बघत! फोन कशाला घेतलाय, खडे मारायला? एक दिवस ते दगडच पाठवतील तुला पोत्यात भरून, मग मी काय त्या दगडांना वाढू?"

बरंच बोलले. श्वास संपला तेव्हा थांबले. तो उभा होता. काचेमागे त्याचे डोळे भरून आले होते.

मी विचारलं, "काय लिहिलं तिने?"

त्याने काचेतलं वाचून दाखवलं. "तुला काही झालं तर मी काय करू?"

एवढंच. एवढ्या बडबडीतलं एकही अक्षर त्यात नव्हतं, आणि मला तेच म्हणायचं होतं. चोवीस वर्षांत मी ते कधी म्हणाले नव्हते, आणि ही आठ-दहा महिन्यांची पोर म्हणून मोकळी झाली. इतका माझा जळफळाट देवयानीबाईंमुळे झाला नव्हता, कुणामुळेच झाला नव्हता. माझं वाक्य तिने माझ्याआधी सांगितलं होतं.

मी उठले. त्याच्या डोळ्यांवरून चष्मा काढला, पायरीवर ठेवला. त्याचा डावा कान जरा बरा आहे. त्याला धरून मी तोंड जवळ नेलं आणि ओरडले, "तुला काही झालं तर मी काय करू!"

"काय?"

"तुला काही झालं तर! मी! काय! करू!"

शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. छत्तीस नंबरच्या गॅलरीत दिवा लागला आणि देवयानीबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आणखी दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. माझा तो फाटका आवाज, समूहगीतातून काढून टाकलेला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. माझ्या आयुष्यात मी मोजलेली सगळ्यात मोठी चुगली. शंभर टक्के.

श्रीरंग डोळे मिटून उभा होता. कान माझ्याकडे.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "अर्धवट. पण तुझा आवाज आला." मग एक डोळा उघडून म्हणाला, "खरं की टोमणा?"

"आवाज आला ना? मग तूच सांग."

त्याने दुसराही डोळा उघडला.

"खरं," तो म्हणाला. "थोडा टोमणा आहे. पण खरं."

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही आत गेलो. चष्मा पायरीवरच राहिला. जेवताना मी त्याच्याशी ओरडून ओरडून भांडले आणि तोही माझ्याशी भांडला, आठ-दहा महिन्यांची भरपाई केल्यासारखा.